अप्पांचं एग सॅलड

जानेवारीत अप्पांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, वरचे उरलेसुरले दात काढावे लागले. वय एक्क्याऐंशी. खालचे समोरचे सहा तेवढे शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाले, हिरड्या नीट भरून यायला दोन-अडीच महिने जातील, मग माप घेऊन कवळी. तोवर खाणं मऊ हवं, पण प्रोटीन कमी पडू द्यायचं नाही, नाहीतर जखमा भरायला वेळ लागेल.

पहिले पंधरा दिवस वरणभात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, रताळ्याची खीर असं चाललं. एका रात्री अप्पांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "अगं, पोट भरतंय, पण जेवल्यासारखं वाटत नाही. जिभेला काहीतरी लागायला हवं." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. हा माणूस अजून स्वतः ठाण्यातल्या जांभळीनाक्याच्या बाजारात जाऊन वालाच्या शेंगा एकेक बघून घेतो. त्याला रोज पेज भरवायची म्हणजे काय!

अप्पा अंडी खातात. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात सकाळी उकडलेली अंडी मिळायची, तेव्हापासूनची सवय. आई, म्हणजे सासूबाई, खात नाहीत. आमच्या नौपाड्यातल्या घरात अंड्याचं एक पातेलं, एक सुरी आणि एक जुना तीन लिटरचा कुकर वेगळा ठेवलेला आहे, गॅलरीतल्या कपाटात. बुधवार-रविवार हे अंड्याचे वार. मार्गशीर्ष संपलेला होता, त्यामुळे वाट मोकळी होती.

भुर्जी करून पाहिली, पण तिचे कण हिरडीत जाऊन बसायचे. ऑम्लेट चामट लागायचं. अख्खं उकडलेलं अंडं तोडायला वरचे दात हवेतच. मग मला ऐरोलीच्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमधलं एग सॅलड सँडविच आठवलं. उकडलेली अंडी, मेयोनीज, थोडी मोहरीची पेस्ट, सेलरी, कांदा, मीठ, मिरी. एवढंच. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं, दोन अंड्यांचं सॅलड म्हणजे बारा. रविवारी करायचं ठरवलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं माहेर मुरबाडकडे. अप्पांचं कळल्यावर त्यांनी गावाहून येताना आठ गावठी अंडी आणली. कागदात एकेक गुंडाळून, पिशवी मांडीवर धरून बसनं आल्या. आदल्या दिवशीची ताजी अंडी. मी ती त्याच सकाळी कुकरला लावली. दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू दिली, आणि गार होतील म्हणून तशीच गरम पाण्यात ठेवून पूजेची फुलं आणायला गेले.

सोलायला बसले तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कवच निघेना. निघालं की त्याच्याबरोबर पांढऱ्याचा लचकाच यायचा. आतली पातळ पापुद्र्याची साल पांढऱ्याला अशी घट्ट बसली होती की नखानं कोरावी लागत होती. आठांतलं एकही गोल राहिलं नाही. कापून बघते तर प्रत्येक बलकाभोवती राखाडी-हिरवट कडं आणि गंधकासारखा वास. कोणी जपून आणलेली अंडी होती, टाकायची कशी? सगळी कुस्करली, कांदा आणि काकडी घातली, बाटलीतलं मेयोनीज घातलं आणि अप्पांना दिलं. अर्ध्या तासात वाडग्यात खाली पाणी सुटलं होतं. अप्पांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, "बाळाला भरवतात तसं झालंय." चव गोडसरही होती. ते खरंच होतं.

त्या रात्री मी नीट वाचायला बसले. असं का झालं हे कळल्याशिवाय पुन्हा अंड्याला हात लावायचा नव्हता.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो हळूहळू बाहेर पडतो आणि पांढरा भाग अल्कलीकडे झुकत जातो. ताज्या अंड्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साधारण साडेसातच्या वर, आठवडाभर ठेवलेल्याचा नऊच्या पुढे. पीएच कमी असेल तर पांढरा आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणजे मावशींची अंडी उत्तमच होती, आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हवी होती. हे वाचून मला हायसं वाटलं, कारण मावशींना खोटं सांगावं लागणार नव्हतं. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडं ताज्याची पोळीच घालत्यात, उकडत न्हाईत." त्यांना माहीतच होतं ते.

हिरव्या कड्याचं कारण वेळ. जास्त शिजलं की पांढऱ्यातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बलकाकडे सरकतं आणि तिथल्या लोहाशी जुळून आयर्न सल्फाइड होतं. खायला अपाय नसतो, पण वास येतो आणि बलक भुसभुशीत होतो. गावठी अंडं आकारानं लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपास. दुकानातल्या पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या अंड्यापेक्षा ते लवकर शिजतं. त्यात कुकर. त्यात मी गरम पाण्यातच ठेवून गेले. कुकरात अंडी उकडणाऱ्या बहुतेक घरांत हे कडं असतं. माझ्या माहेरीही असायचं, आणि आम्हाला ते अंड्याचंच अंग वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात नाक्यावरच्या अंडेवाल्याकडून डझनभर अंडी आणली आणि पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवली. बुधवारी संध्याकाळी त्यांतली चार घेऊन बसले. पातेल्यात पाणी खळखळून उकळू दिलं, मग झाऱ्यानं एकेक अंडं अलगद सोडलं. गार पाण्यात घालून हळूहळू तापवलं तर पांढरा पापुद्र्याला चिकटत जातो. उकळत्यात सोडलं की बाहेरचा थर पटकन आळतो आणि सुटा राहतो. आच मध्यम केली, पाणी नुसतं हलत राहील इतकी. नऊ मिनिटांनी एक काढलं, दहाला दुसरं, अकराला तिसरं, बाराला चौथं, आणि प्रत्येक लगेच बर्फाच्या पाण्यात.

चारही उभी चिरून ताटलीत ओळीनं ठेवली. नऊचा बलक मध्ये अजून ओला आणि गडद नारिंगी. दहाचा मधोमध मऊ, सुरीला किंचित लागणारा. अकराचा पूर्ण आळलेला, पण पेढ्यासारखा, बोटानं दाबला तर पसरणारा. बाराचा फिकट, कडेला कोरडा, दाबल्यावर कणीदार. अप्पांच्या वयाला ओला बलक नको, आणि कोरडा बलक घशाशी बसतो. अकरा मिनिटं नक्की झाली. ठाणं समुद्रसपाटीलगत, इथे पाणी शंभर अंशाच्या आसपासच उकळतं. पुण्याच्या माझ्या नणंदेला हे सांगितलं तेव्हा तिला म्हटलं, तू थोडं जास्त ठेवून बघ, तुमच्याकडे उंचीमुळे पाणी जरा कमी तापमानालाच उकळतं.

बर्फाच्या पाण्याचा कंटाळा करू नये. फ्रिजमधले दोन्ही ट्रे रिकामे करायचे आणि अंडी त्यात पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. आतलं शिजणं थांबतं, म्हणून कडं येत नाही, आणि गार झालेलं अंडं आतून किंचित आकसतं. मग ओट्यावर हलक्या हातानं ठोकून, तळव्याखाली एकदा लाटल्यासारखं फिरवायचं, सगळीकडे जाळी पडते. सोलायला सुरुवात जाड टोकाकडून, तिथे हवेची पोकळी असते. पापुद्रा चिमटीत आला पाहिजे. नुसतं कवच धरलं तर तुकडेच निघतात. पापुद्रा धरला की कवच त्याच्याबरोबर वेटोळं घेत येतं. हे सगळं वाडग्यातल्या पाण्यात बुडवून करायचं, पाणी मध्ये शिरतं आणि बारीक कपरे धुऊन जातात. पहिलं अंडं असं गुळगुळीत, एक ओरखडा नसलेलं हातात आलं तेव्हा मी आईंना हाक मारून दाखवलं. अंड्याच्या जवळ न येणाऱ्या आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शाळिग्रामासारखं दिसतंय." आणि मग स्वतःच दचकल्या.

पण पुढचं सगळं खरं म्हणजे त्यांनीच सुधारलं. पाणी का सुटतं हे मी त्यांना विचारलं. "काकडी चोचवल्यावर पिळत नाहीस का तू? आणि कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी, हे कितीदा सांगितलंय." मी गेली अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली कोशिंबिरी करते आहे, आणि इंग्रजी नाव आल्याबरोबर ते सगळं विसरून बसले होते. सॅलड म्हणजे कोशिंबीरच की! दाण्याच्या कुटाऐवजी बलक, दह्याऐवजी मेयोनीज. मग काकडी काढूनच टाकली. सोललेली अंडी पंच्यानं कोरडी पुसायची, कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बारीक चिरून घालायचा, आणि मीठ सगळ्यात शेवटी.

मोहरीचंही तसंच झालं. बाटलीतली मस्टर्ड सॉस आणली होती, ती नुसती आंबट आणि पिवळी. आई म्हणाल्या, "मोहरी घालायची आहे ना? मग फेसून देते." अंड्याला शिवणार नाही, पण मोहरी माझी, असं त्यांचं म्हणणं. दोन चमचे मोहरी खलात थोडी कुटली, मग गार पाण्याचे थेंब टाकत खलत राहिल्या. मोहरी हळूहळू पांढरट झाली, फेस धरला, आणि त्यांनी खल माझ्या नाकाशी धरला. थेट कपाळात झिणझिण्या. "चढली आता."

यामागचं कारण मला नंतर कळलं. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो. दाणा फुटला आणि पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि झणका तयार होतो. पाणी गरम असेल तर ते एन्झाइमच मरतं, मोहरी चढत नाही, कडू मात्र लागते. लिंबासारखं आंबट आधी घातलं तर काम मंदावतं. म्हणून गार पाणी, दहा मिनिटं तशीच झाकून ठेवणं, आणि मग लिंबू. आईंनी नेमकं हेच केलं, याच क्रमानं. त्यांच्या आईनं लोणच्याच्या वेळी असं शिकवलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. सहा अंड्यांना यातला पाऊण चहाचा चमचा पुरतो.

मेयोनीजबद्दल थोडक्यात सांगते. बाटलीवरची खूण बघा. हिरवी असेल तर त्यात अंडं नाही. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक बाटल्या तशाच, आणि त्या गोड असतात. तपकिरी खूण असलेली आणली तर चव सॅलडशी जुळते. घरी कच्च्या बलकाचं मेयोनीज मी मुद्दाम केलं नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. तेलंगणानं २०२४च्या ऑक्टोबरअखेर कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, २०२५मध्ये तमिळनाडूनंही घातली. तरुण माणसानं काय करायचं ते करावं, पण एक्क्याऐंशीच्या माणसाला, त्यात तोंडात ओल्या जखमा असताना, मी ते देणार नाही.

सेलरी हा शेवटचा प्रश्न. आमच्या भाजीवाल्याला सांगून ठेवलं, तो पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत जातो. शुक्रवारी जुडी घेऊन आला. सेलरीच्या दांड्याला बाहेरून लांब धागे असतात. दात असलेल्या माणसालाही ते अडकतात, बिनदातांच्या माणसाला तर गिळता येत नाहीत. घेवड्याच्या शिरा काढतो तशा वरून खाली ओढून सगळ्या काढल्या. मग दांडा उभा चार पट्ट्यांत चिरून आडवा अगदी बारीक. एकच दांडा, कोवळा, आतला. उरलेल्या जुडीचं सूप केलं.

आता चिरणं. पहिल्या वेळी मी अंडी कुस्करली होती आणि अप्पांना ते बाळाचं खाणं वाटलं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांना चावायला जमत नव्हतं, पण चावल्याची जाणीव हवी होती. या वेळी बलक आणि पांढरा वेगळे केले. बलक काट्यानं मोडून त्यात मोहरी, चमचाभर लिंबाचा रस आणि चार मोठे चमचे मेयोनीज घालून गुळगुळीत घोटलं. बलकात लेसिथिन असतं, ते तेल-पाणी एकत्र धरून ठेवतं. शिजलेल्या बलकातही त्याचा थोडा उपयोग होतोच, मिश्रण साईसारखं होतं. पांढरा मात्र सुरीनं चिरला. किसणीवर घासून बघितला तर ओला कीस झाला. चॉपरमध्ये फिरवला तर काही पीठ, काही ढेकळं. सुरीनंच, आधी उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उलट दिशेनं, साबुदाण्याएवढे दाणे होईपर्यंत. भिजलेला साबुदाणा कसा जिभेवर एकेक कळतो आणि तरी टाळूला दाबला की फुटतो, तसं मला हवं होतं. सहा अंड्यांचं पांढरं असं चिरायला वीस मिनिटं लागली. हातावर काम करण्यातली ही वीस मिनिटं मला आवडली, खोटं कशाला बोलू.

पांढरा, सेलरी, पात हलक्या हातानं बलकात मिसळली. ताजी कुटलेली मिरी. मीठ चाखून, कारण मेयोनीजमध्ये असतंच. झाकून एक तास फ्रिजमध्ये. तेवढ्यात मोहरी, लिंबू आणि मिरी एकमेकांत मुरतात. लगेच खाल्लं तर प्रत्येक चव वेगळी बोलते.

ब्रेडच्या कडा काढल्या, लोण्याचा पातळ हात फिरवला म्हणजे ब्रेड ओला होत नाही, वर सॅलड पसरलं आणि बोटभर पट्ट्या कापल्या. अप्पांनी एक पट्टी तोंडात ठेवली, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटले. मी समोर उभी. किती तरी वेळ तोंड हलत होतं. "हे दाणे कसले गं?" "पांढरं आहे अप्पा, बारीक चिरलंय." "हं. आणि मोहरी हिची दिसते." आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लागली का नाकाला?" अप्पांनी डोळे पुसले. मोहरीनं आलं होतं पाणी, असं त्यांनी सांगितलं. सहापैकी दोन अंड्यांचं सॅलड त्या बैठकीत संपलं.

तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी तेच. आईंसाठी त्याच मोहरीत घट्ट चक्का घोटून, उकडलेला बटाटा आणि पात घालून वेगळं वाडगं. ते इतकं छान लागतं की माझा मुलगा आधी तिकडेच हात घालतो. उरलेलं अंड्याचं सॅलड झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवते. टेबलावर तासाभराच्या वर राहू देत नाही, मार्चपासून तर मुळीच नाही. ठाण्यातला उन्हाळा अंड्याला माफ करत नाही. डब्यातही मी ते नेत नाही, ऐरोलीपर्यंतसुद्धा.

मावशींनी फेब्रुवारीअखेर पुन्हा अंडी आणली. या वेळी डब्यावर तारीख लिहून आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवली. लहान म्हणून नऊ मिनिटंच उकडली. आठच्या आठ सोलून ओळीनं ताटात ठेवली आणि मावशी यायची वाट बघितली. त्यांनी एक उचलून उजेडात फिरवून पाहिलं आणि हसल्या. बलक असा गडद की सॅलडचा रंगच बदलला. अप्पांनी पहिल्याच घासाला ओळखलं, "ही मुरबाडची."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कवळी बसली. दोन दिवस टोचली, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घासून दिली. मला वाटलं, आता वालाचं बिरडं, भाकरी, सगळं पूर्ववत होईल आणि सॅलडची पाळी संपेल. बुधवारी सकाळी मी अंड्याची सुरी काढून पांढरं चिरायला घेतलं तेव्हा अप्पा काठी टेकत आत आले. ओट्यापाशी उभे राहून बघत राहिले. मग बोटानं एक तुकडा बाजूला सारून म्हणाले, "आता जरा मोठं चीर. हरभऱ्याएवढं."

मी सुरी थोडी लांब लांब ठेवून पुन्हा सुरुवात केली.